पंप संपावर गेला तर? खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी सम्पचं गणित

(या भागाचं हे संपादित शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. ऐकताना निसटतात ते आकडे शेवटी एकत्र दिले आहेत.)

गेल्या काही भागांनंतर सर्वांत जास्त प्रश्न आले ते सम्पबद्दल. केवढा करायचा, कप्पे किती, काचवाल्याला माप काय सांगायचं, पंप कुठला घ्यायचा. तर आजचा पूर्ण भाग सम्पवर. कागद-पेन घेऊन बसा, कारण आज गणित आहे. अवघड नाही, पाचवीतलं आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, एवढंच.

पण गणिताआधी एक किस्सा सांगतो, माझ्याच घरचा. माझी खाऱ्या पाण्याची पहिली टाकी चार फुटी होती. खाली कपाटात सम्प बसवला होता, छान चालायचा, पाहुणे आले की मी कपाटाचं दार उघडून दाखवायचो. एका रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. मी झोपेतच होतो. साडेतीनला दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या हॉलच्या पीओपीमधून पाणी ठिबकत होतं, आणि ते खारट होतं हे त्यांना कळलं होतं, कारण थेंब काकांच्या तोंडावर पडला होता.

माझ्या फरशीवर साधारण २५ लिटर पाणी होतं. गोष्ट तिथे संपली नाही. पहाटे लाईट आली, रिटर्न पंप आपोआप सुरू झाला, पण सांडलेलं पाणी सम्पमध्ये नव्हतंच. पंपाचा कप्पा कोरडा पडला, पंप हवा ओढत फिरला आणि जळाला. तोवर मी खाली काकूंकडे पोछा मारत होतो. वर टाकीत पाण्याची हालचाल बंद. दुपारपर्यंत एक मासा गेला.

चूक कोणाची? पंपाची नाही, वीज मंडळाचीही नाही. चूक माझ्या मापाची होती. सगळं चालू असताना काय होतं ते बघून मी सम्प आखला होता. सम्प आखायचा असतो तो सगळं बंद पडल्यावर काय होईल ते बघून. आपल्या भाषेत ही गंमतच आहे बघा. पंप जेव्हा संपावर जातो, तेव्हा सम्पची परीक्षा होते.

सम्प म्हणजे नक्की काय

सोसायटीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिलाही आपण सम्पच म्हणतो. तिथून पंपानं पाणी गच्चीवर जातं. इथे तत्त्व तेच, फक्त चक्र पूर्ण होतं. वरच्या टाकीच्या काठाशी एक ओव्हरफ्लो बॉक्स असतो, त्याला कंगव्यासारखे दात असतात. पृष्ठभागावरचं पाणी त्या दातांवरून बॉक्समध्ये पडतं आणि पाइपातून स्वतःच्या वजनानं खाली सम्पमध्ये येतं. सम्पमध्ये ते कप्प्याकप्प्यांतून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पुन्हा वर ढकलतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाली येणारं पाणी गुरुत्वाकर्षणानं येतं आणि वर जाणारं विजेनं. वीज जाते, गुरुत्वाकर्षण जात नाही. आजचं सगळं गणित या एका वाक्यातून निघतं.

गोड्या पाण्याच्या टाकीला सम्प नसला तरी चालतं. खाऱ्याला तो एवढा का लागतो? मुख्य कारण प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे तयार होतात, माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतले सेंद्रिय घटक त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जाऊन बसतात. म्हणजे घाण कुजून अमोनिया होण्याआधीच पाण्याबाहेर. हे यंत्र टाकीत लटकवलं तर दिसायला वाईट, आणि त्याला पाण्याची पातळी स्थिर लागते. ती स्थिर पातळी सम्पमध्ये मिळते. शिवाय एकूण पाणी वाढतं. पाणी जास्त असलं की तापमान, क्षार, अमोनिया सगळं हळू बदलतं, आणि चूक सुधारायला वेळ मिळतो.

आणखी एक खुलासा, कारण दर वेळी विचारलं जातं. मी फक्त माशांच्या टाकीबद्दल बोलतोय. आपल्या देशात खडक बांधणारी सगळी प्रवाळं, म्हणजे कोरल, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार 'मिळवून देतो' म्हणाला तरी नाही म्हणा. सिरॅमिकचे खडक घ्या, आणि क्लाऊनफिश घेणार असाल तर कैदेत पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं, म्हणजे सीएमएफआरआयनं, त्यांची पैदास करून दाखवलेली आहे.

पहिलं गणित : वीज गेली तर किती पाणी खाली येईल

समजा टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. म्हणजे आपली नेहमीची चार बाय दीड बाय दीड. काचेची जाडी सोडून देऊ, गणित थोडं जास्त आलेलं बरं.

वरून बघा. १२० गुणिले ४५ म्हणजे ५४०० चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ, टाकीतली पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येतं. हा आकडा टाकीच्या कपाटाच्या दारावर लिहून ठेवा. प्रत्येकाच्या टाकीचा वेगळा असेल.

आता पातळी किती उतरेल? कंगव्याच्या दातांच्या तळापर्यंत उतरेल हे उघड आहे. साधारण एक-दीड सेंटिमीटर. पण खरा चोर दुसरा आहे, रिटर्नचा नळ. पंपाकडून वर आलेल्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडलेलं असतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो, आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो. माझं हेच झालं होतं. माशांना प्रवाह मिळावा म्हणून मी नळाचं तोंड १० सेंटिमीटर खोल नेलं होतं. १० गुणिले ५.४, म्हणजे ५४ लिटर. माझ्या तेव्हाच्या सम्पमध्ये रिकामी जागा होती जेमतेम २९ लिटर. उरलेलं काकांच्या तोंडावर.

'पण मी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावलाय' असं बरेच जण म्हणतात. लावा, हरकत नाही. पण हिशेबात धरू नका. खाऱ्या पाण्यात त्या झडपेवर वाळूचा एक कण, चुन्याचा एक थर, किंवा एखादी इवलीशी गोगलगाय बसली की ती पूर्ण मिटत नाही. दुसरा उपाय म्हणजे पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळाला छोटं भोक पाडणं. पातळी तिथपर्यंत उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हा चांगला उपाय आहे, पण ते भोक शेवाळानं बुजतं. दर आठवड्याला टूथपिक घालून बघायचं. म्हणून नियम असा, की भोकही पाडायचं, आणि भोक बुजलं असं धरूनच गणित करायचं.

तर आपल्या टाकीत नळाचं तोंड फक्त ३ सेंटिमीटर खाली ठेवू. प्रवाहासाठी टाकीत वेगळा वेव्हमेकर लावू, ते काम रिटर्न नळाचं नाहीच.

३ गुणिले ५.४, म्हणजे साधारण १६ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्समध्ये साचलेलं पाणी मुख्य पाइपाच्या तोंडापर्यंत रिकामं होतं, ते धरू ५ लिटर. पाइपांमधलं २ लिटर. स्किमरचा पंप बंद झाला की त्याच्या नळकांड्यातलं पाणीही सम्पमध्ये उतरतं, ते ३ लिटर. एकूण २६. त्यावर पाव हिस्सा जास्तीचा, म्हणजे ३३ लिटर धरा.

सम्पच्या चालू पातळीच्या वर एवढी जागा रिकामी हवीच. ही जागा 'वाया' जात नाही. 'एवढी जागा मोकळी कशाला, आणखी मीडिया भरू' हा मोह मला झाला होता.

सम्पचं माप आणि कप्पे

चार फुटी स्टँडच्या आत ९० बाय ४० बाय ४० चा सम्प बसतो. आत-बाहेर काढता येईल ना, ते स्टँड बनवण्याआधी बघा. मधे एक उभा खांब आला की सम्प जन्मात बाहेर येत नाही. आणि स्किमरचा कप वर उचलून काढावा लागतो, त्यासाठी वर हाताएवढी जागा सोडा.

९० गुणिले ४० म्हणजे ३६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला ३.६ लिटर. ३३ लिटर आले तर पातळी सव्वानऊ सेंटिमीटर चढेल. चालू पातळी २२ धरली तर ती सव्वाएकतीसला जाईल. काठ ४० वर. स्किमर आणि मीडिया जागा खातात ते धरूनही आपण सुरक्षित आहोत.

२२ कुठून आले? स्किमरकडून. प्रत्येक स्किमरच्या खोक्यावर तो किती खोल पाण्यात उभा राहायला हवा ते लिहिलेलं असतं. आधी स्किमर ठरवा, मग पहिल्या आडव्या काचेची उंची ठरवा. बरेच लोक उलटं करतात, आणि मग स्किमरखाली टाइल्सचे तुकडे रचत बसतात.

कप्प्यांचा क्रम असा. पहिला कप्पा ४० सेंटिमीटरचा. वरून येणारा पाइप इथे उतरतो, त्याच्या तोंडाला फेल्टचा सॉक, आणि शेजारी स्किमर. सॉक तीन-चार दिवसांनी धुवायचा. नाही धुतला तर अडकलेली घाण तिथेच कुजते आणि गाळणीच नायट्रेटचा कारखाना होते. धुवायला जमणार नसेल तर सॉक लावूच नका, हे बरं.

दुसरा कप्पा २० सेंटिमीटरचा. यात सिरॅमिक मीडिया. यावर जिवाणू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. दोघांनाही प्राणवायू लागतो, म्हणून पाणी मीडियातून वाहिलं पाहिजे, बाजूनं निसटता कामा नये.

मग बुडबुडे अडवायच्या तीन काचा. पहिलीवरून पाणी उडी मारतं, दुसरीच्या खालून जातं, तिसरीवरून पुन्हा वर. दोन काचांमध्ये अंतर ३ सेंटिमीटर. तासाला १००० लिटर पाणी धरलं तर या फटीतून ते सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटर वेगानं जातं. बुडबुड्याला वर यायला वेळ मिळतो. फट एक सेंटिमीटरची ठेवली तर वेग तिप्पट, आणि वरच्या टाकीत सोडा ओतल्यासारखं दिसतं.

शेवटी २० सेंटिमीटरचा रिटर्न कप्पा. तो एवढा लहान का, हे आता सांगतो.

काचवाल्याला दोन गोष्टी सांगा. सम्पला ८ मिलिमीटर काच, आणि बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळतं ते सिलिकॉन बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं, ते माशांसाठी नाही.

दुसरं गणित : पाइप तुंबला तर

वीज गेली तर सम्प ओसंडतो. उलटं झालं तर? म्हणजे वीज आहे, पंप जोरात आहे, पण खाली येणारा पाइप तुंबला. कंगव्यातून आलेलं एखादं पान, मेलेला मासा, काहीही. मग पंप पाणी वर ढकलत राहतो आणि खाली काही येत नाही. आता ओसंडणार वरची टाकी.

किती पाणी वर जाईल? रिटर्न कप्प्यात आहे तेवढंच. बाकीच्या कप्प्यांतलं पाणी काचांनी अडवून धरलंय. म्हणून तो कप्पा लहान ठेवायचा. २० गुणिले ४० म्हणजे ८०० चौरस सेंटिमीटर. पातळी १८ वर आहे आणि ६ वर पंप हवा ओढू लागतो. १२ सेंटिमीटर, म्हणजे ९.६ लिटर. वरच्या टाकीत पाण्यापासून काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळे आहेत, म्हणजे १६.२ लिटर. पंप कोरडा पडला तरी टाकी सांडणार नाही. हाच कप्पा ४० सेंटिमीटरचा केला असता तर १९.२ लिटर वर गेले असते, आणि तीन लिटर हॉलमध्ये.

आता यातली खोच बघा. बाष्पीभवनानं पाणी कमी होतं ते याच कप्प्यात दिसतं, म्हणून ऑटो टॉप-अपचा सेन्सर इथे बसवतात. पातळी खाली गेली की तो डब्यातलं गोडं पाणी सोडतो. पाइप तुंबला की याच कप्प्याची पातळी उतरते. सेन्सरला काय कळणार? त्याला वाटतं पाणी उडालं. तो डबा रिकामा करतो, पंप तेही वर ढकलतो. डबा १५ लिटरचा असेल तर ९.६ अधिक १५, म्हणजे साडेचोवीसच्या वर. गेलं सगळं फरशीवर.

म्हणून माझा डबा ६ लिटरचा आहे. ९.६ अधिक ६ म्हणजे १५.६. सोळाच्या आत. दर दोन दिवसांनी भरावा लागतो. गावाला जाताना मोठा पिंप लावायचा मोह होतो, पण नेमकं तेव्हाच घरात कोणी नसतं. त्यापेक्षा शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि बाटल्या मोजून भरून ठेवा. आणि सेन्सर अडकून सहाच्या सहा लिटर एकदम पडले तरी २७० लिटरमध्ये क्षारता ३५ वरून ३४.२ होते. मासे सहन करतात.

डब्यातली नळी सम्पच्या पाण्यात बुडवू नका, वरच टांगा. डबा उंचावर असेल आणि नळी बुडलेली असेल तर तीही सायफन होते.

डब्यात कुठलं पाणी

पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्यानं करायची, खाऱ्यानं नाही. पण कुठल्या गोड्या? नाशिकहून एका श्रोत्यांनी विचारलंय, स्वयंपाकघरातल्या आरओचं चालेल का.

तुमच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळतो. पिण्याला ते ठीक. पण हिशेब करा. दिवसाला ३ लिटर म्हणजे वर्षाला जवळजवळ ११०० लिटर. टीडीएस २०० असेल तर वर्षाला २२० ग्रॅम नको ते क्षार टाकीत साचतात. आरओनंतर डीआय रेझिनची एक नळी जोडून घ्या आणि मीटरवर शून्याच्या आसपास येतंय का ते बघा.

बाष्पीभवन जास्त का होतं? कारण उन्हाळ्यात आपण सम्पवर पंखा लावतो. पुण्या-नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्यानं पाणी छान थंड होतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत तेवढं होत नाही, तिथे चिलरचं बजेट आधीच धरा. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं.

पाइप आणि पंप

खाली येणारे पाइप दोन हवेत. मुख्य पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह असा जुळवा की पाइप पूर्ण भरून वाहील. मग खळखळ आवाज येत नाही. दुसरा आपत्कालीन पाइप, त्याचं तोंड बॉक्समध्ये थोडं वर. मुख्य तुंबला की पाणी चढून यातून उतरतं. या दुसऱ्या पाइपाला कुठलाही व्हॉल्व्ह लावायचा नाही. प्लंबर म्हणेल 'साहेब, असू द्या एक'. नको. व्हॉल्व्ह असला की कोणीतरी कधीतरी तो बंद करतो.

भोकं पाणी भरण्याआधी पाडायची हे सांगायला नको, पण तळाची काच टफन्ड असेल तर ती भोक पाडताना फुटून चुरा होते, हे काचवाल्याला आधी विचारा. जोडणीला आपल्या गच्चीच्या टाकीला लावतात तेच टँक कनेक्टर चालतात, पण पूर्ण प्लॅस्टिकचे. पितळी व्हॉल्व्ह, लोखंडी क्लॅम्प, तांब्याचं काहीही खाऱ्या पाण्याला लागता कामा नये.

पंप घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. तो शून्य उंचीचा असतो. आपल्याला टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी तासाला सम्पमधून फिरवायचं आहे, म्हणजे साधारण १००० लिटर. पण ते दीड मीटर वर चढवून. म्हणून तीन हजारांच्या आसपासचा आणि जास्तीत जास्त उंची अडीच-तीन मीटर लिहिलेला पंप घ्या. बसवल्यावर मोजा. नळाखाली १० लिटरची बादली धरा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला १००० लिटर.

विजेचं एकच सांगतो. सॉकेट सम्पच्या वर नको, प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ पडू द्या म्हणजे थेंब तिथून गळेल, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय टाकीत हात घालू नका.

लाईट नसताना मासे कसे जगतील

पूर टळला म्हणजे काम झालं नाही. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी प्राणवायू विरघळतो, आणि पाणी गरम झालं की आणखी कमी. हालचाल थांबली की मासे आणि मीडियातले जिवाणू, दोघं मिळून तो संपवतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर एकच गोष्ट टाका, रिटर्न पंप. चिलर नाही, स्किमर नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, चौकोनी लहरीवर साधे पंप गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप कपाटात ठेवा. चार्ज केलेला.

लाईट परत येते तेव्हाचंही एक बघा. त्या क्षणी सम्प भरलेला असतो. स्किमर लगेच सुरू झाला तर जास्त खोल पाण्यात उभा असल्यामुळे फसफसून उततो आणि कपातली सगळी घाण परत सम्पमध्ये. आधी रिटर्न पंप, पातळी खाली आल्यावर दहा मिनिटांनी स्किमर. यासाठी टायमर रिले मिळतो.

मीठ टाकण्याआधीची परीक्षा

सगळं जोडून झालं की मिठाचं पोतं उघडू नका. साधं नळाचं पाणी भरा आणि चालवा. सम्पच्या काचेवर मार्करनं एक रेघ मारा, 'चालू'. मग स्वतःच्या हातानं मेन स्विच बंद करा. उभं राहून बघा. पाणी चढेल, थांबेल. तिथे दुसरी रेघ, 'बंद'. नळाचं भोक बोटानं दाबून पुन्हा करा, आता थोडं जास्त चढेल. तीच खरी रेघ. ती काठाच्या खाली पाच-सहा सेंटिमीटर असेल तर तुमचं माप बरोबर.

मग उलटी परीक्षा. पंप चालू ठेवून दोन्ही पाइप हातानं बंद करा. वरची टाकी चढेल, सम्पचा पंप हवा ओढेल, पाणी काठाखाली थांबेल. थांबलं ना? लगेच पाइप मोकळे करा, पंप कोरडा फिरवू नका.

दोन्ही परीक्षा पाच-पाच वेळा करा, आणि एकदा रात्री झोपताना सगळं चालू ठेवून सकाळी फरशी बघा. घरातल्या बाकीच्यांना त्या दोन रेघांचा अर्थ सांगा. लाईट गेलेली असताना सम्प भरलेला बघून कोणी 'पाणी जास्त झालंय' म्हणून दोन बादल्या काढल्या, किंवा चालू असताना 'कमी दिसतंय' म्हणून भर घातली, तर आपलं गणित तिथेच संपतं.

मी दुसरा सम्प बांधला तेव्हा ही परीक्षा घ्यायला खालच्या काकूंना वर बोलावलं होतं. मेन स्विच त्यांनीच बंद केला. पाणी सव्वाएकतीसच्या खालीच थांबलं. त्यांनी दोन मिनिटं वाट बघितली, छताकडे नाही, फरशीकडे बघत, आणि मग चहा घेतला. तेव्हापासून गावाला जाताना टाकीची किल्ली त्यांच्याकडेच असते.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टाकीचं माप आणि तुम्ही केलेलं गणित पाठवा, पुढच्या भागात त्यातली दोन-तीन उदाहरणं सोडवून बघू. भेटूया.

या भागातले आकडे

- टाकी १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर; १ सेंटिमीटर पातळी = ५.४ लिटर
- वीज गेल्यावर खाली येणारं पाणी : १६ + ५ + २ + ३ = २६ लिटर, राखीव धरून ३३
- सम्प ९० × ४० × ४० सेंटिमीटर; १ सेंटिमीटर = ३.६ लिटर, चालू पातळी २२, वीज गेल्यावर जास्तीत जास्त सव्वाएकतीस
- रिटर्न कप्पा २० × ४० सेंटिमीटर. वर जाऊ शकणारं पाणी ९.६ लिटर, टाकीत मोकळी जागा १६.२ लिटर
- टॉप-अपचा डबा ६ लिटर, त्याहून मोठा नको
- प्रत्यक्ष प्रवाह तासाला १००० लिटर. १० लिटरची बादली ३६ सेकंदांत